पहिल्या अल्बमचा नाद कुठून आणावा

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुम्हा दोघांची नऊही कच्ची गाणी मी तीन वेळा ऐकली. अहिराणीत रॅप करण्याचा तुमचा निर्णय मला मनापासून आवडला आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो. नऊ गाण्यांसाठी तुम्ही सात वेगवेगळ्या लोकांचे बीट, म्हणजे रॅपमागचे तयार संगीत, विकत घेतले आहेत. त्यामुळे शब्द धुळ्याचे असले तरी त्यामागचा नाद कोणत्याच गावचा वाटत नाही. शिवाय असे स्वस्तातले बीट बहुधा एकाच वेळी अनेकांना विकलेले असतात.

आऊटकास्ट या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटा शहराच्या रॅपर जोडीचा पहिला अल्बम १९९४ मध्ये आला, तेव्हा त्या दोघांनी विशीही गाठलेली नव्हती. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांचाच बोलबाला असलेल्या त्या काळात त्यांनी आपले दक्षिणी उच्चार लपवले नाहीत. त्यांच्या अल्बमचे संगीत ऑर्गनाइज्ड नॉइझ या त्रयीने रचले. त्या त्रयीतल्या रिको वेड यांच्या आईच्या घराचे मातीच्या जमिनीचे तळघर हीच त्यांची कामाची जागा होती. सॅम्पलवर, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणांतून उचललेल्या तुकड्यांवर, सारी भिस्त न ठेवता त्यांनी बास आणि गिटार प्रत्यक्ष वाजवून घेतले. तुम्हालाही महागड्या स्टुडिओपेक्षा असा एक संगीतकार हवा, जो पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत तुमच्याबरोबर बसेल.

आता चौथ्या गाण्याकडे वळतो, कारण तुमची खरी ताकद तिथे आहे. प्रमाण मराठीतल्या ‘आहे’ला दोन अक्षरे लागतात, तर अहिराणीतले ‘शे’ एका अक्षरात आटोपते. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याला सेकंदाचा दोन तृतीयांश भाग मिळतो. तिथे ओळीच्या शेवटी नेमके पडणारे ‘शे’ डफावरच्या थापेसारखे वाजते. तुम्ही मात्र त्याच जागी हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीची, धांदल भरली आहे. तुझ्या जोडीदाराच्या खर्जातल्या आवाजाला तर ८०८ बासची, म्हणजे ८०८ या ड्रम मशीनच्या घुमणाऱ्या खोल ठोक्याची, लांबलेली शेपटी गिळून टाकते. अशा वेळी आवाज वाढवत बसू नका. बासचा स्वर आखूड करा आणि हाय-हॅट ओळ संपल्यावर येऊ द्या.

तिसऱ्या गाण्यात आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गीताचा जुन्या कॅसेटवरून घेतलेला तुकडा आहे. पारंपरिक गीत सर्वांचे असले तरी त्याच्या ध्वनिमुद्रणावर हक्क असतो आणि आपल्या कायद्यानुसार तो प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. श्रावणात तुझ्या घरी कानबाई बसते, तेव्हा रात्रभर गाणाऱ्या आजी-काकूंनाच विचारून ते गीत नव्याने रेकॉर्ड कर आणि अल्बमच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे घाल. तो आवाज आणखी कोणाच्याही अल्बममध्ये नसेल, हे मला फार मोलाचे वाटते.

रेकॉर्डिंगच्या खोलीत कूलरची घरघर ऐकू येते. या उन्हात तो बंद ठेवणे कठीण आहे, हे मी जाणतो. तेव्हा पहाटे बसा, भिंतींना गोधड्या लावा आणि प्रत्येक कडवे झाले की दार उघडा.

मिक्सिंगचे पैसे इतक्यात कोणालाही देऊ नका. आधी चौथे गाणे बीट काढून, केवळ डफाच्या साथीने, दोघांनी समोरासमोर उभे राहून म्हणा आणि ते रेकॉर्डिंग मला पाठवा.

तुझा,
दादा