ज्याचं जहाज, त्याचा कागद

प्रिय मुली,

रात्री पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी चहासोबत वाचला. आई-बाबांना घेऊन सिंगापूरहून पाच रात्रींच्या क्रूझवर निघालीस, पैसे भरून झाले, आणि आता घरातले-बाहेरचे मिळून तुझं डोकं खातायत. आतेभाऊ म्हणतो टिप वगैरे काही द्यावी लागत नाही. ऑफिसातली मैत्रीण म्हणते चार वाजेपर्यंत आरामात चढता येतं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी सांगतं, घरचा डबा चालतो. आणि मधेमधे नाचायला तुझी मुंबई-गोव्याची जुनी क्रूझ आहेच: "मागच्या वेळी तर असं नव्हतं."

सगळे खरंच बोलतायत ना बाप्पा, पण आपापल्या जहाजाबद्दल. कंपनी बदलली की नियम बदलतात, आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन जहाजांचेही बदलतात. म्हणून ज्याचं जहाज, त्याचा कागद. कागद म्हणजे तीन गोष्टी: बुकिंगचं कन्फर्मेशन, त्यासोबत जोडलेल्या प्रवासाच्या अटी, आणि कंपनीच्या ॲपमधली तुझ्या तारखेची माहिती. माहितीपत्रकातले स्विमिंग पूलचे फोटो यात धरू नकोस. एका रविवारी पेन्सिल घेऊन बस आणि कुठलं कागदपत्र मागितलंय, किती वाजता चेक-इन बंद होतं, भाड्यात काय नाही, काय आणायला बंदी आहे, रद्द केलं तर कोणत्या तारखेनंतर किती पैसे बुडतात, एवढं खुणा करून काढ. एजंट तोंडी काही सांगत असेल तर गोड आवाजात म्हण, "दादा, ईमेलवर पाठवता का?"

सुरुवात नावापासून कर. तिघांचे पासपोर्ट उघड आणि फोटोच्या पानाच्या तळाशी बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी बघ. वरच्या ओळीत पी, मग आयएनडी, मग आडनाव, मग दोन बाण, मग नाव. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टांत 'गिव्हन नेम'मध्येच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घातलेलं असतं. बुकिंगमध्ये, विमानाच्या तिकिटात आणि व्हिसात अक्षर न् अक्षर तेच हवं. आईच्या आधारवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर नागपूर-मुंबईच्या विमानालाही पासपोर्टवरचंच नाव टाक आणि सोनेगाव विमानतळावर पासपोर्टच दाखव. परत यायच्या तारखेपासून पुढे सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक हवी. निघायच्या तारखेपासून मोजू नकोस.

आता व्हिसा. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तू सिंगापुरात दोनदा शिरणार आहेस: एकदा विमानाने, आणि मलेशिया-थायलंड फिरून आल्यावर पुन्हा जहाजाने. म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे छापील कागदावर डोळ्यांनी बघ. सिंगापूरचं अरायव्हल कार्डही दोनदा लागतं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं असतं आणि सरकारी साइटवर फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली की बंद कर. मलेशिया आणि थायलंडचीही अशी डिजिटल कार्डं आहेत. क्रूझच्या प्रवाशाने ती स्वतः भरायची की कंपनी परस्पर बघते, हे पुन्हा कंपनीच्याच कागदावर. "आम्ही पेनांगला उतरणारच नाही" हा बचाव चालत नाही. जहाज त्या बंदराला लागतं, म्हणून त्या देशाचे नियम तुझ्या नावापुढे लागतात. कागद अपुरा असला तर टर्मिनलवरूनच परत पाठवतात, आणि पैसेही मिळत नाहीत.

आदल्या दिवशी पोच. तुझं तिकीट वाचून माझा पारा चढला तो इथे. क्रूझच्या दिवशी सकाळी सिंगापुरात उतरून दुपारी जहाजावर? कोणाच्या डोक्यातलं हे? एका रात्रीचं हॉटेल वाचवायला? नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली किंवा दक्षिणेतलं एखादं शहर मधे येणारच. त्यात तू दोन वेगळ्या पीएनआरवर तिकिटं काढलीस. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी म्हणेल, तुम्ही वेळेवर आला नाहीत. बॅगाही मुंबईत काढून पुन्हा द्याव्या लागतील, आणि देशी विमान टर्मिनल एकला लागलं तर तिथून टर्मिनल दोनला जायला मुंबईचं ट्रॅफिक आहेच. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे गेलीस तर धुकं. वर सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तेवढा वेळ निघतानाच गेलेला. विमान चुकलं तर पुढचं मिळतं, जहाजाच्या मागे काही पुढचं जहाज येत नाही. तिकीट बदल, दंड भर, पण बदल.

सिंगापुरात क्रूझची टर्मिनलं दोन आहेत: मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ टर्मिनल" सांगितलं तर तो आपल्या मनाने नेईल. तुझ्या बोर्डिंग पासवर कोणतं लिहिलंय ते बघून हॉटेल घे. मेट्रोने जायचं तर पहिल्याला मरीना साउथ पिअर स्टेशन आणि दुसऱ्याला हार्बरफ्रंट.

ऑनलाइन चेक-इन उघडलं की त्याच दिवशी कर, कारण त्यात टर्मिनलवर यायची वेळ निवडायची असते आणि लवकरच्या वेळा आधी संपतात. फोटो, पासपोर्टचं पान, कार्ड, सगळं तिथेच चढव. बॅगेचे टॅग छापून घे. टर्मिनलवर मोठ्या बॅगा हमालाच्या ताब्यात गेल्या की त्या केबिनशी संध्याकाळपर्यंत कधीही येतात. म्हणून एक छोटी बॅग खांद्यावर ठेव: पासपोर्ट, व्हिसा, तिघांची पूर्ण प्रवासाची औषधं, चार्जर, दागिने, एकेक कपड्यांचा जोड. बाबांच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या आणि बॅग दुसऱ्याच मजल्यावर अडकली, तर रात्री आठला त्या शोधत फिरशील. औषधं मूळ पाकिटातच ने, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. झोपेची किंवा कोडीन असलेली खोकल्याची औषधं सिंगापुरात पूर्वपरवानगीच्या कक्षेत येतात. तशी काही असतील तर निघायच्या कितीतरी आधी बघ.

चढल्या चढल्या बुफेकडे धावू नका. आधी सुरक्षेची कवायत, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याचा सराव. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझचं जहाज उलटलं, त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत सुटण्याआधी किंवा सुटताच व्हावी लागते. कुठे सगळ्यांना एकत्र उभं करतात, कुठे ॲपवर व्हिडिओ बघून आपल्या जमण्याच्या जागी कार्ड दाखवून यायचं असतं. आई-बाबांना ती जागा पायांनी चालवून दाखव, लिफ्टने नको.

पैशांचं सांगते. बहुतेक परदेशी कंपन्यांत माणशी, रोजची टिप आपोआप खात्यात चढते. तुझ्या आतेभावाच्या कंपनीत ती भाड्यातच असेल, तुझ्या कंपनीत आहे का? कागद बघ. दारू, कोल्ड्रिंक, चांगली कॉफी, वेगळी रेस्टॉरंट, वाय-फाय, फोटो हे साधारणपणे वेगळं, आणि पेयांवर वरून सेवाशुल्क. पेयांचं पॅकेज एकाने घेतलं तर त्याच केबिनमधल्या प्रत्येक मोठ्याने घ्यायचं, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. जहाजावर रोख चालत नाही, केबिनच्या कार्डावर खर्च मांडतात. त्याला क्रेडिट कार्ड जोड. डेबिट कार्डावर अडकवलेली रक्कम मोकळी व्हायला दिवस लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नवी कार्डं देशांतर्गतच चालू होऊन येतात, तेव्हा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून सुरू कर. जहाजावरच्या डॉक्टरचं बिलही खात्यातच येतं आणि ते भारी असतं. इथला मेडिक्लेम तिथे सहसा कामाचा नाही. क्रूझचा स्पष्ट उल्लेख असलेला प्रवासविमा घरून निघण्याआधी घे.

जेवणाचं आईला आत्ताच विचार. शाकाहारी सगळीकडे मिळतं, पण जैन किंवा बिनकांदालसणाचं हवं तर कंपनीला आधी कळवावं लागतं, चढल्यावर सांगून उपयोग नाही. घरी शिजवलेलं सहसा चढू देत नाहीत, कारखान्यात सीलबंद झालेलं बहुतेक ठिकाणी चालतं. म्हणजे हल्दीरामचा सीलबंद डबा ठीक, आजीच्या हातचा चिवडा नाही. संत्र्यांची पेटी तर विसरच, ताज्या फळांना बंदरांवर अडवतात. सावजी मसाला आणि अनारसे घरीच ठेव, त्यात खसखस असते आणि सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या नजरेने बघितली जाते. बाबांचे खिसे तपास. खर्रा, सुपारीत मळलेली तंबाखू, च्युइंगगम, ई-सिगारेट, यातलं काहीही सिंगापुरात नेता येत नाही. हे बाबांना तू सांग, आईने सांगितलं तर भांडण होईल.

इस्त्री, केटल, मेणबत्ती आणि सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड चढताना काढून घेतात. समुद्रात आग लागली तर अग्निशमनची गाडी येत नाही, म्हणून ही कडक तपासणी. केबिनमध्ये बहुधा अमेरिकन चपट्या पिनांचे सॉकेट ११० व्होल्टचे आणि युरोपियन गोल पिनांचे २२० व्होल्टचे असतात. आपला दोन गोल पिनांचा चार्जर दुसऱ्यात बसतो. सिंगापूरच्या हॉटेलात मात्र जाड तीन चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर लागेल. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, चुंबकाचे चार हुक नेलेस तर ओले कपडे टांगता येतील.

'गॅरंटी' केबिन घेतलीस असं दिसतंय. स्वस्त पडते, पण नंबर कंपनी देते, आणि तुझी केबिन पुढच्या टोकाला, आई-बाबांची मागच्या टोकाला येऊ शकते. आईला गाडी लागते ना? तिला जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर जागा हवी, तिथे हेलकावे सर्वांत कमी. फरकाचे पैसे भरून त्यांची केबिन निवडून घे. ॲव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू व्हायची वाट न बघता आधीच घ्यावी लागते. तिने गुंगी येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

कागदाला चिकटून राहते म्हणून मला कटकटी म्हणतात. म्हणोत. टर्मिनलवरचा मुलगा "मागच्या वेळी चाललं होतं" हे ऐकून घेत नाही, तो समोरच्या स्क्रीनवरची ओळ वाचतो आणि बरोबरच करतो. गोड बोलून सांगितलेलं लोक विसरतात, याची खंत मला जास्त आहे. म्हणून मी गोड बोलणं सोडलं.

बंदरांचं थोडं. कार्यक्रमात 'क्वालालंपूर' लिहिलंय, पण जहाज लागतं पोर्ट क्लांगला. तिथून शहर रस्त्याने तासाभराहून लांब, ट्रॅफिक वेगळं. पेट्रोनासचे मनोरे बघून परतायला हाताशी वेळ किती उरतो ते आधी मांड. फुकेटला जहाज बरेचदा समुद्रातच नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, त्या रांगेत वेळ जातो. शिवाय थायलंडचं घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे. जहाज सिंगापूरच्याच वेळेवर चालत असेल आणि तुझा फोन आपोआप बदलला, तर फोनमध्ये तीन वाजलेले असताना जहाजावर चार वाजलेले असतात. साधं हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लाव आणि त्यालाच हात लावू नकोस. जहाजाने विकलेल्या सहलीला उशीर झाला तर जबाबदारी त्यांची. स्वतः टॅक्सी केलीस तर जहाज थांबणार नाही, पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुझा. बाहेर पडताना पासपोर्टची झेरॉक्स सोबत असू दे, कारण मूळ पासपोर्ट काही कंपन्या स्वतःकडे ठेवतात.

किनारा सुटायच्या आधी तिघांचेही फोन एअरप्लेन मोडवर टाक. समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतं आणि साधारण रोमिंग पॅकमध्ये ते धरलेलं नसतं. जेवणाआधी हात साबणाने धुवा, पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढ, नाहीतर बाबा नाइट सूटमध्ये सिंगापूरला उतरतील. खात्याचं बिल त्याच रात्री ओळीने तपास, सकाळी काउंटरवर झुंबड असते. उतरणं, इमिग्रेशन, चांगी विमानतळ गाठणं धरून परतीचं विमान दुपारनंतरचंच घे. तुझं साडेदहाचं आहे, तेही बदल. उद्या दुपारपर्यंत तिन्ही विमानांची तिकिटं आणि क्रूझचं कन्फर्मेशन मला पाठव. स्क्रीनशॉट नको, पूर्ण पीडीएफ.

तुझी,
मावशी