कर्मचारी कामाच्या ठिकाणी पर्यावरणाची काळजी कशामुळे घेतात?

तुमचा प्रश्न असा: कर्मचारी कामाच्या जागी वीज, पाणी, कचरा याबाबतीत जबाबदारीने वागतात ते कशामुळे? मुळातल्या संस्कारांमुळे, कंपनीच्या धोरणामुळे, की बक्षीस आणि दंडामुळे? एमबीएच्या प्रकल्पासाठी ग्रामीण भागातला अनुभव हवा, असंही तुम्ही लिहिलं आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या कारखान्यात, हिशेब बघतो आणि हंगामात माझा अर्धा दिवस देखरेखीतच जातो. तेव्हा उदाहरणं तिथलीच देतो.

आधी मत सांगून टाकतो. जपून वापरायची सवय लोकांना घरूनच असते. कारखान्यात ती दिसत नाही, कारण तिथे काही चालू-बंद करायचा अधिकार त्यांच्याकडे नसतो, वाचलेल्यातलं काही त्यांच्या वाट्याला येत नाही आणि वरच्यांचं वागणं ते रोज डोळ्यांनी बघत असतात. संस्कार, धोरण, बक्षीस हे सगळं याच्यानंतर येतं.

आमच्याकडे ओट्यावर, म्हणजे कापूस पसरायच्या चौथऱ्यावर, कापूस निवडणाऱ्या बाया घ्या. घरी यातली कोणीही पऱ्हाटीची (कापसाच्या वाळल्या झाडाची) काडी वाया जाऊ देत नाही, ती वर्षभर चुलीला पुरवायची असते. आंघोळीचं पाणी परसातल्या वांग्यांना जातं. उन्हाळ्यात टँकरमागे पाण्याचे गुंड (भांडी) घेऊन धावलेल्या या बाया आहेत, पाण्याची किंमत त्यांना मी शिकवायची नाही. आणि तरी जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन झाल्यावर नळ वाहता राहतो. एकदा एकीला विचारलं, तर ती सरळ म्हणाली, "पाणी मालकाचं, बिल मालकाचं. मी काहाले पाहू?" यात उद्धटपणा नव्हता, हिशेब होता.

जिनिंगमध्ये हा हिशेब फार स्वच्छ दिसतो. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईची १७० किलोची गठाण बांधली जाते, सरकी तेलाच्या घाण्यावर जाते, तिची ढेप जनावरं खातात. खाली पडलेली कवडीसुद्धा कोणीतरी घेऊन जातं. ज्याला भाव आहे ते इथे वाया जात नाही आणि त्यासाठी कोणाला प्रबोधन करावं लागत नाही. माणसाच्या वागण्याची खरी परीक्षा होते ती ज्याला भाव नाही त्याच्यापाशी: रिकामा फिरणारा ब्लोअर, वाहता नळ, हवेतला कापसाचा धुरळा, खर्ऱ्याच्या पन्न्या. प्रकल्पात तुम्ही हे दोन भाग वेगळे ठेवले नाहीत, तर भंगारवाल्याच्या भावाला तुम्ही पर्यावरणप्रेम समजून बसाल.

ब्लोअरचंच सांगतो. जेवणाच्या सुट्टीत रेचे, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारी यंत्रं, थांबायचे, पण कापूस ओढणारे ब्लोअर रिकामेच घोंघावत राहायचे. बिलं माझ्याच टेबलावर येत असल्यामुळे मला ते खुपायचं. भिंतीवर ‘वीज वाचवा, देश वाचवा’ असं रंगवलेलंच होतं. फिटरला विचारलं तेव्हा कळलं की त्याला ते बंद करायची फार इच्छा होती. पण परत चालू करताना बेल्ट गेला किंवा मोटर ट्रिप झाली, तर खोळंबा त्याच्या नावावर लागणार होता. चालू ठेवल्याबद्दल मात्र त्याला कोणी कधी बोललं नव्हतं. अशा वेळी शहाणा माणूस चालूच ठेवतो. मालकाने त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की सुट्टीत बंद करायचं, आणि चालू करताना काही झालं तर तुझ्यावर नाही. त्या दिवसापासून ब्लोअर बंद होऊ लागले. फिटरचं मन तेव्हा बदललं नाही, ते आधीपासून तयारच होतं.

तुमच्या अभ्यासक्रमात मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांचा १९९१ चा नियोजित वर्तनाचा सिद्धांत असेलच. माणसाचा हेतू तीन गोष्टींवर ठरतो असं ते मांडतात: त्या वागण्याबद्दलचं त्याचं स्वतःचं मत, भोवतालच्यांची अपेक्षा, आणि हे आपल्या हातात आहे असं त्याला वाटतं की नाही. व्यवस्थापनाची मंडळी पहिल्यावर भाषणं करतात. माझ्या बघण्यात खेड्यातल्या कारखान्याचं गाडं बहुतेक वेळा तिसऱ्यापाशी अडलेलं असतं.

आता खर्रा. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतात तो खर्रा. आमच्या भागात चहा न पिणारा एखादा सापडेल, खर्रा न खाणारा मुश्किलीने. ती पन्नी जिथे रिकामी झाली तिथे पडते, आणि जिनिंगमध्ये ‘तिथे’ म्हणजे कापसाच्या ढिगात. ढिगातून ती रेच्यात जाते, तिचे बारीक तुकडे होऊन रुईत मिसळतात आणि गठाणीत बसून सूतगिरणीत पोचतात. बियाण्या-खतांच्या पोत्यांचे प्लास्टिकचे धागेही असेच जातात. हे प्लास्टिक कपड्याचा रंग धरत नाही, त्यामुळे रंगवलेल्या कापडावर फिका ठिपका किंवा रेघ उमटते आणि अख्खं थान दुय्यम ठरतं. केंद्र सरकारने २००० साली कापसासाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, त्यात जिनिंगच्या आधुनिकीकरणाबरोबर हा कचरा कमी करण्यावरही भर होता. ओटे पक्के झाले, यंत्रं सुधारली. पन्नी मात्र माणसाच्या खिशातून येते.

मनाईचा फलक होता. फलकाखाली उभं राहून खर्रा घोटणारा मुकादमही होता. त्यामुळे फलक वाचून लोक हसायचे, एवढाच त्याचा उपयोग. फरक दोन गोष्टींनी पडला. एका गिरणीने तक्रारीसोबत रंगवलेल्या कापडाचा तुकडा पाठवला होता. तो नेहमीप्रमाणे फाइलीत न घालता ओट्यावर नेऊन दाखवला. आयुष्यभर कापूस हाताळलेल्या त्या बायांनी आपल्या कापसाचं पुढे काय होतं ते तोवर पाहिलं नव्हतं. बराच वेळ तो तुकडा हातोहात फिरत होता, आणि "हे आपल्या इथलंच व्हय काय?" असं तीन-तीनदा विचारलं गेलं. दुसरी गोष्ट म्हणजे मुकादमाने फाटकापाशी तेलाचा एक रिकामा पिपा ठेवला आणि आत येताना स्वतःची पन्नी सगळ्यांदेखत त्यात टाकायला सुरुवात केली. त्याने खर्रा सोडला नाही, तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. पण मुकादम टाकतो म्हटल्यावर हमाल टाकू लागले, हमाल टाकतात म्हटल्यावर गाडीवाले शेतकरीसुद्धा.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांची रीत हीच होती. गावात पाय ठेवला की आधी स्वतः झाडू घ्यायचा, कीर्तन रात्री. आमच्याकडे हे सगळ्यांना पाठ आहे, फक्त कारखान्याच्या ऑफिसात कोणाला आठवत नाही. साहेब जेवायला घरी गेले तरी केबिनचा एसी चालू असतो आणि तो पाण्याचा थेंब-थेंब बाहेर हमालांच्या समोरच गाळत असतो. "साहेबाचा एसी चालते, मंग आमच्याच पंख्यावर डोया काऊन?" या प्रश्नाला कोणत्याही परिपत्रकात उत्तर नाही.

संशोधनही याच बाजूने बोलतं. कॅथरीन रामस आणि उलरिख स्टेगर यांनी २००० साली युरोपातल्या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपला थेट वरिष्ठ पाठीशी आहे असं ज्यांना वाटत होतं, ते कर्मचारी पर्यावरणाच्या कल्पना स्वतःहून पुढे आणण्याची शक्यता जास्त होती. गंमत म्हणजे इतर कामांत मोकळेपणाने साथ देणारे वरिष्ठ पर्यावरणाच्या बाबतीत हात आखडता घेताना दिसले. कंपनीचं लेखी धोरणही उपयोगी ठरतं, असं त्याच अभ्यासात आहे, म्हणजे धोरण अगदीच कागद नव्हे. पण आमच्यासारख्या ठिकाणी कंपनी म्हणजे मुकादम. त्याच्या वरचं कोणाला दिसत नाही.

सोबतीचे काय करतात याचा जोर किती असतो, ते अमेरिकेतल्या हॉटेलांतल्या टॉवेलच्या प्रयोगात दिसतं. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांनी तो २००८ मध्ये छापला. ‘पर्यावरण वाचवण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ या कार्डाला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी प्रतिसाद दिला. ‘इथले बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर तो ४४ टक्क्यांवर गेला. पुढच्या प्रयोगात ‘याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे’ असं म्हटलं, तेव्हा ४९ टक्क्यांच्या आसपास. देश, पृथ्वी वगैरे फार लांब पडतात. याच ओट्यावरची, याच पाळीतली माणसं जवळ असतात.

बक्षीस आणि दंडाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांवर दंड लावून पाहिला. नीझी आणि रुस्तिचिनी यांनी २००० साली त्याचा निष्कर्ष मांडला: उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले, आणि दंड काढून टाकल्यावरही कमी झाले नाहीत. पैसे भरले की अपराधीपणा संपला. बक्षिसाची आमच्या शेजारच्या तालुक्यातली गोष्ट वेगळी नाही. तिथल्या एका कारखान्यात वीजबचतीचं बक्षीस पॅनेलवरच्या एकट्या माणसाला दिलं, आणि ज्यांनी खरोखर पंखे-दिवे बंद केले होते त्यांनी पुढच्या महिन्यापासून ते काम सोडून दिलं. वाटून घेता येईल असं बक्षीस असेल तर गोष्ट निराळी. २०००-०१ पासूनच्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात पुरस्कार अख्ख्या गावाला असायचा, त्यामुळे शेजारीच शेजाऱ्याला उकिरडा हलवायला लावायचा.

ठेकेदाराच्या माणसांबद्दल मात्र वेगळं लिहायला हवं, कारण पुस्तकांतला ‘कर्मचारी’ बहुधा कायम नोकरीतला असतो. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. माणसं ठेकेदाराची, पगार त्याच्या हातून, पुढच्या वर्षी हेच येतील याची खात्री नाही. अशा माणसाने कारखान्याचं पाणी आपलं का समजावं? पास्काल पाइये आणि ऑलिव्हिए बॉयराल यांनी नेमून न दिलेल्या, स्वखुशीने केलेल्या पर्यावरणीय कामांवर लिहिलं आहे. संस्था आपली कदर करते असं वाटलं, तर माणूस असं जादा काही करतो, हा त्या वाटेवरचा मुख्य मुद्दा. आमच्याकडे बायांसाठी दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह झालं, प्यायला थंड पाणी आलं, धुरळ्यासाठी नाकाला बांधायला चांगले मास्क मिळाले. त्यानंतर नळ बंद दिसू लागले. मी कोणाला नळाबद्दल काही बोललो नव्हतो. कापसाचा धुरळा वर्षानुवर्षं छातीत जातो, हे त्यांच्यासाठी सगळ्यात जवळचं पर्यावरण आहे. तिथे कोणी लक्ष घालत नसेल तर बाहेरच्या झाडांबद्दल त्यांना सांगू नये.

झाडांवरून आठवलं. दरवर्षी ५ जूनला आमच्याकडे वृक्षारोपण होतं. त्या तारखेला विदर्भात पाऊस पोचलेला नसतो, जमीन तापलेली असते, हंगाम संपून मजूर गावोगावी पांगलेले असतात. फोटोत मालक, मी आणि चौकीदार. रोपं आठवड्याभरात वाळतात. पुढच्या वर्षी खड्डे तयारच मिळतात, तेवढी बचत.

आपलेपणा किती दूर नेऊ शकतो ते बघायचं असेल तर गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्यांपैकी तो एक. बांबू कधी, किती तोडायचा हे ग्रामसभा ठरवते. ते कोणाचे कर्मचारी नाहीत, म्हणून तुलना जपून करा. पण निर्णय आणि उत्पन्न दोन्ही हातात असलेली माणसं कशी वागतात, ते तिथे बघायला मिळतं.

तुमच्या प्रश्नावलीबद्दल एक विनंती. ‘तुम्हाला पर्यावरणाची काळजी वाटते का?’ असं विचारू नका. सगळे ‘हो साहेब’ म्हणतील आणि तुमचा तक्ता छान भरेल. त्याऐवजी विचारा: सुट्टीत पंखा कोण बंद करतं? तुम्ही केला तर कोणी काही म्हणतं का? मुकादम काय करतो? बायांशी मुकादम नसताना बोला. इंग्रजी फॉर्म भाषांतर करून आणू नका, तोंडी बोला आणि तुम्ही लिहून घ्या. डिसेंबर-जानेवारीत या, तेव्हा ओटे भरलेले असतात. फक्त बाजाराच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी हप्ता, म्हणजे आठवड्याचा पगार, होतो आणि कोणी तुमच्यापाशी दोन मिनिटंही थांबणार नाही.