२४०० च्या जोडीला ३२०० ची रॅम घातली, आता लॅपटॉप मधेच बंद पडतोय. जुनी रॅम काढून टाकावी का?

लगेच काढू नका, आणि नवीन घ्यायची घाई तर अजिबात करू नका. आधी तपासा.

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं: खानापुरात ऑनलाइन सेंटर आहे, आय५-८२५०यू चा लॅपटॉप. त्यात ४ जीबी डीडीआर४ (रॅमचा प्रकार) २४०० स्पीडची रॅम होती. कोल्हापूरहून ८ जीबी ३२०० ची आणून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. आता टास्क मॅनेजर स्पीड २४०० दाखवतोय, सीपीयू-झेड (मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्राम) तर ११९७ च. शिवाय कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) लग्नपत्रिका आणि ब्राउझरमध्ये कुणाचा तरी ऑनलाइन अर्ज एकदम उघडा ठेवला की निळी स्क्रीन येते. दुकानदार म्हणतोय, "स्पीड मॅच होत नाही, जुनी काढा, अजून एक ८ घ्या."

यातली स्पीडची गोष्ट आणि निळ्या स्क्रीनची गोष्ट वेगवेगळी आहे. दुकानदारानं दोन्हीची मोट बांधली.

स्पीडचं आधी. तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलरच (रॅमशी बोलणारा भाग) डीडीआर४ साठी २४०० पर्यंतचा आहे. म्हणजे जुनी काढून दोन्ही ३२०० च्या घातल्या तरी चालणार २४०० लाच. प्रत्येक रॅमच्या पट्टीवर एक बारकी चिप असते, तिच्यात ती पट्टी कुठकुठल्या स्पीडला, किती टायमिंगला चालते याची यादी असते. लॅपटॉप सुरू होताना बायोस (बोर्डावरचा, विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम) दोन्ही याद्या वाचतो आणि सगळ्यांना जमेल असा स्पीड लावतो. ३२०० वालीला खाली उतरायला काही त्रास नसतो. आणि ते ११९७ बघून घाबरू नका. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा. सीपीयू-झेड ठोके दाखवतो, टास्क मॅनेजर त्याची दुप्पट. हिशोब बरोबर आहे.

४ आणि ८ अशी विषम जोडीही चालते. इंटेलच्या मशीनमध्ये दोन्हीकडचे चार-चार जीबी ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरून) जातात, उरलेले ४ एकेरी. ८+८ थोडं सरस, पण पत्रिका आणि अर्ज यांच्या कामात तो फरक तुम्हाला जाणवायचा नाही. १२ जीबी असणं जास्त महत्त्वाचं.

आता निळी स्क्रीन. नवी पट्टी घातल्यावरच सुरू झाली, म्हणजे संशय तिच्यावर, नाहीतर तिच्या बसण्यावर. माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यातल्या बऱ्याच केसमध्ये पट्टी चांगली असते, नीट बसलेली नसते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या मशीनना तर पावसाळ्यातली ओल वेगळीच. पट्टीच्या कडेला स्लॉटमध्ये जाणारे सोनेरी दात असतात, त्यांच्यावर पुसट थर धरतो, डोळ्याला दिसत नाही.

शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे विंडोज पूर्ण बंद होतं. चार्जर काढा, मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. दोन्ही पट्ट्या काढा. दात पांढऱ्या मऊ खोडरबरानं हलकेच पुसा (शाईचा खरखरीत खोडरबर नको, तो सोनंच खरवडतो) आणि भुगा कोरड्या कापडानं झाडून घ्या. बसवताना पट्टी तिरकी धरून आत पूर्ण ढकलायची, सोनेरी दातांची जेमतेम रेघ दिसली पाहिजे. मग खाली दाबा, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक् करून लागल्या पाहिजेत. एकच लागली असेल तरी मशीन सुरू होतं, आणि तिथेच लोक फसतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन थोडा वेळ काळीच राहील. बायोस नव्यानं मेमरी जुळवत असतो. दोन मिनिटं थांबा, सारखं बटण दाबू नका.

एवढं करूनही निळी स्क्रीन आलीच, तर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) घाला. फुकटातली आवृत्ती चार फेऱ्या करते, तेवढ्या पुरतात. एका वेळी एकच पट्टी ठेवून रात्री लावा आणि झोपा. एक जरी लाल एरर आली तरी दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून परत बघा. एरर पट्टीबरोबर गेली तर पट्टी खराब, स्लॉटलाच चिकटली तर बोर्डाचं काम.

एकेकटी दोन्ही पास आणि जोडीनं फेल, असं झालं तरच ते खरं न जुळणं. तसं असेल तर आधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट करा, चार्जर लावून. मग सीपीयू-झेडमध्ये एसपीडी टॅब (त्या बारक्या चिपमधली यादी) उघडून नवी पट्टी निवडा. जेडेकच्या (रॅमचे ठरलेले मानक स्पीड) रकान्यांत व्होल्टेज १.२० पाहिजे. ३२०० चा आकडा फक्त एक्सएमपीच्या (मानकापेक्षा वरचा, वेगळा चालू करावा लागणारा स्पीड) रकान्यात आणि तिथे १.३५ व्होल्ट असेल, तर तुम्हाला गेमिंगवाली पट्टी दिली आहे. साध्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायची सोय बहुधा नसतेच, म्हणजे त्या ३२०० चे जादा पैसे तुम्ही उगीच दिलेत. ती परत करून साधी १.२ व्होल्टची घ्या, स्टिकरवर पीसी४-२४००टी किंवा पीसी४-३२००एए असं काही लिहिलेलं असतं.

पट्टी परत द्यायची वेळ आली तर स्टिकर खरवडू नका, बिल जपून ठेवा, आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. कोल्हापूरला जायच्या आधी तो फोटो दुकानदाराला पाठवा आणि बदलून देणार का ते लेखी विचारा. तो "स्पीड मॅच नाही" म्हणाला तर सांगा, टेस्टला एकच पट्टी लावलेली होती.