सीमेवरच्या शहरापासून सुरू झालेले वैर

प्रश्न : मी भुसावळच्या एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा मावसभाऊ मिशिगन विद्यापीठात शिकायला गेल्यापासून मला अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचे वेड लागले असून मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचा सामना मी चुकवत नाही. मात्र ‘बिग टेन’ नावाच्या कॉन्फरन्समध्ये अठरा विद्यापीठे कशी, आणि या कॉन्फरन्स सारख्या बदलतात का, हे मला उलगडत नाही. शिवाय मैत्रिणी म्हणतात, ‘ज्या विद्यापीठाची पायरी चढली नाहीस, त्याच्यासाठी कसला जीव टाकतेस?’ माझे हे प्रेम उसने आहे का?
— एक विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : तुमच्या आवडत्या सामन्यापासूनच सुरुवात करू. मिशिगन आणि ओहायो या शेजारी प्रांतांत १८३५ साली टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून वाद इतका पेटला, की दोन्हीकडची सशस्त्र पथके सीमेवर येऊन उभी राहिली. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने टोलेडो ओहायोला दिले आणि मिशिगनला त्याच्या बदल्यात उत्तरेकडील द्वीपकल्पाचा मोठा भाग मिळाला. सीमावाद पिढ्यान्‌पिढ्या मनात कसा राहतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. या दोन विद्यापीठांचा पहिला सामना १८९७ साली झाला. ओहायो स्टेटच्या आवारात तर या सामन्याच्या आठवड्यात पाट्यांवरील ‘एम’ या अक्षरावर लाल फुली मारलेली असते, कारण मिशिगनचे आद्याक्षर नजरेलासुद्धा पडू द्यायचे नाही.

आता कॉन्फरन्सविषयी. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा असा संघ, जो आपले वेळापत्रक, नियम आणि विजेतेपद स्वतः ठरवतो. बिग टेनची स्थापना १८९६ सालची. ओहायो स्टेट त्यात १९१२ साली आले, मधल्या काळात बाहेर पडलेले मिशिगन १९१७ साली परतले, आणि १९१८ पासून हा सामना दरवर्षी होऊ लागला. त्यानंतर तो चुकला तो फक्त २०२० साली, कोरोनामुळे. वैर मातीतून उगवले, पण त्याला दरवर्षीची तारीख कॉन्फरन्सने दिली.

हीच तारीख पुढे पैशाच्या हिशेबात अडकली. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाबाबत महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून हे हक्क विद्यापीठे आणि कॉन्फरन्स स्वतः विकू लागल्या, आणि मोठ्या प्रेक्षकवर्गाची विद्यापीठे आपल्याकडे ओढण्याची चढाओढ लागली. म्हणून २०२४ पासून बिग टेनमध्ये अठरा विद्यापीठे आहेत, आणि न्यू जर्सीचे रटगर्स लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांसोबत एकाच गटात खेळते. अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या कॉन्फरन्समध्ये त्याच वर्षी प्रशांत किनाऱ्याजवळचे स्टॅनफर्ड आले. भुसावळच्या संघाने जळगावशी खेळणे सोडून दरवर्षी कोचीला सामन्यासाठी जावे, तसाच हा प्रकार आहे, आणि मला तो मनापासून खटकतो. १८९४ साली सुरू झालेला टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा सामना याच फेरबदलांमुळे २०११ नंतर बंद पडला होता. ए अँड एम ज्या कॉन्फरन्समध्ये निघून गेले होते, तिथेच टेक्सासही गेल्यावर २०२४ च्या नोव्हेंबरअखेर तो पुन्हा झाला आणि टेक्सासने १७-७ असा जिंकला. मधली तेरा वर्षे मात्र चाहत्यांची गेली ती गेलीच. उलट ओक्लाहोमाने कॉन्फरन्स बदलताच ओक्लाहोमा स्टेटशी असलेली त्याची जुनी वार्षिक लढत २०२३ नंतर थांबली.

मैत्रिणींचा आक्षेप मला पटत नाही. अलाबामा राज्यात व्यावसायिक फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमधला एकही संघ नाही. तिथे अलाबामा किंवा ऑबर्न यांपैकी एकाची बाजू घरातूनच ठरते, आणि अशा असंख्य चाहत्यांनी त्या विद्यापीठात एक दिवसही शिक्षण घेतलेले नसते. ज्याला त्या सामन्याचा इतिहास ठाऊक आहे, जो हरल्यावरही पुढच्या वर्षी पुन्हा बसतो, त्याच्या प्रेमाला उसने कोण म्हणेल? मर्यादा मात्र आहे. २०१० च्या सामन्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नच्या चौकातील जुन्या ओक वृक्षांच्या मुळांशी तणनाशक ओतले. ती झाडे वाचली नाहीत आणि २०१३ साली तोडावी लागली. विजयानंतर ऑबर्नचे लोक ज्यांच्या फांद्यांवर कागदाच्या पट्ट्या उधळत, तीच ही झाडे. ते प्रेम नव्हे.

तुमचा मिशिगन-ओहायो स्टेट सामना नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी असतो आणि तिथे दुपारी बारा वाजता सुरू झाला, तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. तिथले लोक सकाळपासून मैदानाबाहेरच्या वाहनतळावर शेगड्या पेटवून एकत्र जेवतात; आपल्याकडे त्याच दिवसांत शेतात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजून भरिताच्या पार्ट्या चालतात. त्या शनिवारी मैत्रिणींना भरिताला बोलवा आणि जेवताना टोलेडोची गोष्ट सांगा; साडेदहापर्यंत त्यांतली एखादी तरी थांबेल.