वाचकांचे प्रश्न : लडाखची आंबट फळे आणि सोलापूरचे जेवण

प्रश्न : माझा मुलगा लेहहून सी-बकथॉर्नच्या रसाच्या बाटल्या व तेलाच्या कॅप्सूल घेऊन आला आहे. ‘या एकाच फळात सगळी जीवनसत्त्वे असतात’, असे त्याचे म्हणणे आहे. माझ्या यजमानांचे वय 63 असून त्यांना मधुमेह आहे, आणि स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. त्यांनी हे घ्यावे काय? मोहोळजवळच्या आमच्या शेतात हे झुडूप लावता येईल काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कॅप्सूल सध्या बाजूला ठेवाव्यात. या तेलामुळे रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट) एकमेकांना चिकटण्याची क्रिया मंदावू शकते, आणि आपल्या यजमानांची गोळी नेमके तेच काम करीत असल्याने दोन्ही एकत्र आल्यास रक्तस्रावाचा धोका वाढण्याची शक्यता असते. हृदयरोगतज्ज्ञांना कॅप्सूलची बाटली दाखवूनच निर्णय घ्यावा. एखादी शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल, तर तेही त्यांना सांगावे.

फळ मात्र खरोखरच गुणी आहे. लडाख, लाहौल आणि स्पितीच्या थंड, कोरड्या खोऱ्यांत वाढणाऱ्या या काटेरी झुडपाच्या नारिंगी फळांत क जीवनसत्त्व भरपूर असते, जरी वाण आणि तोडणीची वेळ यांनुसार त्याचे प्रमाण फार बदलते. कॅरोटिनॉइड (पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये) आणि ई जीवनसत्त्वही त्यांत आहे. गराच्या तेलातील पामिटोलेइक आम्ल, ज्याची जाहिरात ‘ओमेगा-7’ म्हणून होते, इतर फळांत क्वचितच एवढ्या प्रमाणात आढळते. लेहमधील संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेने या फळाच्या रसावर काम केले आणि 2023 मध्ये लडाखच्या सी-बकथॉर्नला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तथापि पोषक द्रव्ये असणे आणि रोग बरा होणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिराती नेमका हाच फरक पुसून टाकतात. फिनलंडमध्ये सुमारे 250 निरोगी स्वयंसेवकांना 90 दिवस रोज 28 ग्रॅम गर देऊन पाहिला असता सर्दी-पडसे टळल्याचे दिसले नाही. तेथेच डोळ्यांच्या कोरडेपणावर झालेल्या चाचणीत तेलाचा काही लाभ आढळला, पण तो माफक होता.

राहिला प्रश्न रसाचा. हा रस मुळात अतिशय आंबट असल्यामुळे बाजारातील पेयांत बहुधा साखर घातलेली असते. वेष्टनावर 100 मिलीलीटरमागे 12 ग्रॅम साखर लिहिली असेल, तर 200 मिलीलीटरच्या पेल्यातून 24 ग्रॅम, म्हणजे जवळपास पाच चमचे साखर पोटात जाते. मधुमेही माणसासाठी ही पेये नव्हेत. साखर नसलेला रस असेल तर तोही डॉक्टरांच्या संमतीनेच, एक-दोन चमचे पाण्यात मिसळून आणि जेवणानंतर घ्यावा. आम्लपित्त असेल तर टाळावा.

प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे 80 मिलीग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. तेवढे एका मध्यम पेरूतून किंवा एखाद्या मोठ्या आवळ्यातून सहज मिळते आणि मंगळवार पेठेत त्यासाठी कॅप्सूलच्या बाटलीइतके पैसे मोजावे लागत नाहीत. दुपारच्या ज्वारीच्या भाकरीसोबत ताज्या आवळ्याची चटणी खाल्ली, तर भाकरीतील लोह शरीरात शोषले जाण्यासही मदत होते.

शेताविषयी : या झुडपाला कडक हिवाळा लागतो, म्हणून मोहोळच्या उन्हाळ्यात त्याच्यावर खर्च करू नये. बांधाला काटेरी आणि कमी पाण्यावर तग धरणारे फळझाड हवे असेल, तर आपल्याकडची बोर लावावी.