खेळाडू मोठा, पण जागा कोणती?

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे टिपण दोनदा वाचले. उन्हाळी सुट्टीत एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, कोणत्या संघाने कोणाला घ्यावे, यावर तू सहा पाने लिहिली आहेस आणि प्रत्येक पानावर खेळाडूंच्या गुणांची सरासरी आहे; मात्र नवा माणूस आल्यावर चेंडू कोणाच्या हातात राहणार आणि बाकीचे चौघे कुठे उभे राहणार, याविषयी एक ओळही नाही. माझी तक्रार तेवढीच आहे, पण ती लहान नाही.

२०२१ चा उन्हाळा आठवून पाहा. लॉस एंजेलिस लेकर्सनी काइल कुझमा, केंटेवियस कॅल्डवेल-पोप, मॉन्ट्रेझ हॅरेल आणि ड्राफ्टमधला (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) २२वा क्रमांक देऊन वॉशिंग्टन संघाकडून रसेल वेस्टब्रुकला आणले. तुझ्या पद्धतीने हिशेब केला तर हा सौदा फायद्याचाच ठरतो. परंतु लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सप्रमाणेच वेस्टब्रुकचाही खेळ चेंडू हातात असतानाच खुलतो. दोघांपैकी एकाला कोपऱ्यात थांबावे लागते, आणि जो लांबून बास्केट करण्याची धास्ती घालू शकत नाही त्याला मोकळा सोडून त्याच्यावरचा बचावपटू खुशाल रिंगखाली जाऊन वाट अडवतो. त्याच उन्हाळ्यात अ‍ॅलेक्स करूसो लेकर्स सोडून चार वर्षांच्या, ३.७ कोटी डॉलरच्या करारावर शिकागोला गेला. त्याची सरासरी जेमतेम ६.४ गुणांची होती, त्यामुळे सरासरी मोजणाऱ्यांना त्याच्या जाण्याचे फारसे वाटले नाही. पुढल्या मोसमात लेकर्स ३३ सामने जिंकले आणि ४९ हरले. जेम्स आणि अँथनी डेव्हिस यांच्या दुखापतींचा त्यात मोठा वाटा होता, हेही लिहायला हवे. सगळे खापर वेस्टब्रुकवर फोडणे हा तुझ्याच चुकीचा दुसरा प्रकार होईल.

आता तोच करूसो २०२४ मध्ये पाहा. ओक्लाहोमा सिटी थंडरने ५७ विजय मिळवले, पण बाद फेऱ्यांतल्या दुसऱ्या फेरीत डॅलसने त्यांना बाहेर काढले. त्या मालिकेत डॅलसने थंडरच्या जॉश गिडीला बाहेर मोकळे सोडले आणि त्याच्यावरचे बचावपटू आत रिंगखाली उभे केले. मालिका संपण्याआधीच गिडीची सुरुवातीच्या पाचांतली जागा गेली. जूनमध्ये थंडरने एकविशीतल्या गिडीला शिकागोला दिले आणि तिशीचा करूसो घेतला, सोबत एकही ड्राफ्ट पिक (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) न देता. रिबाउंडची, म्हणजे हुकलेला चेंडू झेलण्याची, उणीव होती म्हणून आयझाया हार्टनस्टाइनलाही करारबद्ध केले. चेट होल्मग्रेन असताना रिंगजवळ खेळणारा दुसरा उंच सेंटर कशाला, असे तूही विचारले असतेस. नोव्हेंबरात होल्मग्रेनच्या कमरेचे हाड मोडले आणि उत्तर मिळाले. थंडरने त्या मोसमात ६८ सामने जिंकले आणि २०२५ चे विजेतेपदही. त्या वाटेवर डेन्व्हरविरुद्धच्या मालिकेतल्या सातव्या सामन्यात सहा फूट पाच इंचांचा करूसो जवळजवळ सात फुटी निकोला योकिचला भिडला होता. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मी जागा होतो, आणि त्याने किती गुण केले हे मला आजही आठवत नाही. गिडी वाईट खेळाडू होता असे मात्र म्हणू नकोस. शिकागोत चेंडू त्याच्या हाती आला आणि त्याचा खेळ बहरला.

पैशाचे नियम तू अगदीच टाळले आहेस. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या करारानुसार ज्या संघाचा पगारखर्च ‘सेकंड एप्रन’ या मर्यादेपलीकडे जातो, त्याला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महागडा खेळाडू घेता येत नाही. तुझे ‘तिघांच्या बदल्यात एक’ प्रस्ताव अशा संघांसाठी कागदावरच संपतात. २०२४ चे विजेते बॉस्टन यांनी वर्षभरातच जुरू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना सोडले, त्यामागेही हाच खर्च होता.

निकालाची घाईही नको. मिनेसोटाने २०२२ मध्ये रूडी गोबेअरसाठी पाच खेळाडू आणि ड्राफ्टचे ढीगभर पिक मोजले तेव्हा सर्वत्र टिंगल झाली, आणि ४२ विजयांच्या पहिल्या वर्षाने ती खरीही वाटली. दुसऱ्या वर्षी तोच संघ ५६ सामने जिंकून पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला.

तेव्हा टिपण पुन्हा लिही. प्रत्येक प्रस्तावाखाली शेवटच्या पाच मिनिटांत मैदानावर असणारी पाच नावे मांड, त्यांपैकी कोण कोणाला अडवणार ते सांग, आणि चेंडू हातात नसताना प्रत्येक जण कुठे उभा राहील ते आकृतीत दाखव. सरासरी शेवटी जोडलीस तरी चालेल. पुढच्या रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
जुना प्रशिक्षक