निळ्या पक्ष्याची बरणी

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीत असतो. मार्चमध्ये येताना त्याने तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक करडी, भलतीच जड बरणी आणली. पुढच्या बाजूला निळा पक्षी, वर ३ चा आकडा आणि ‘ई. अँड एल. पी. नॉर्टन, बेनिंग्टन’ असा इंग्रजी ठसा. आतून चॉकलेटी. काठाला बोटभर लांबीची केसाएवढी चीर आहे. किती जुनी असेल? कैरीचं लोणचं घालू का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर: लोणचं घालू नका. कैऱ्यांचे दिवस आलेत म्हणून हे आधी सांगते. जुन्या बाजारातून आणलेल्या माझ्या एका बरणीला अशीच चीर होती. मी आईच्या पद्धतीने तिच्यात लोणचं मुरवलं. पुढच्या वर्षी चिरेतून मिठाची पांढरी फुलं बाहेर आली. पुसली की आठवड्यात पुन्हा हजर. शेवटी झिलईचा, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराचा, टवका उडाला.

आता वय. बेनिंग्टन हे व्हरमाँट राज्यातलं गाव. नॉर्टन घराण्याने तिथे १७९३ मध्ये भट्टी लावली आणि ती १८९४ पर्यंत चालली. तुमचा ठसा १८६१ ते १८८१ या काळातला, म्हणजे ठसा खरा असेल तर बरणी किमान १४० वर्षांची. ३ म्हणजे तीन गॅलन, साधारण ११ लिटर. असल्या बरण्यांत तिकडे खारवलेलं मांस, लोणी, कोबी साठवायचे.

मला सगळ्यात भावते ती हिची माती. भट्टीचा एवढा ताव सोसणारी माती बेनिंग्टनला नव्हतीच. ती न्यू जर्सीहून बोटीने हडसन नदीतून वर यायची आणि पुढे गाडीने. तुमच्या मुलाच्या राज्यातली माती व्हरमाँटला जाऊन बरणी झाली म्हणायची! भट्टी तापली की आत मीठ टाकत, त्याची वाफ मातीवर बसून संत्र्याच्या सालीसारखी झिलई येई. बोट फिरवून बघा. बरण्या एकावर एक रचल्यामुळे वाफ आत शिरत नसे, म्हणून आतून न्यूयॉर्कमधल्या ऑल्बनीची तपकिरी माती फासत. निळा रंग कोबाल्टचा, तो त्या तावातही टिकतो.

अमेरिकेच्या दक्षिणेत, साउथ कॅरोलिनातल्या एजफील्डला, मिठाऐवजी राखेची हिरवट झिलई असे. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं तिथे १८३४ पासून गुन्हा होता. तरीही डेव्हिड ड्रेक या गुलाम कुंभाराने आपल्या रांजणांवर नाव, तारीख आणि स्वतःच्या कवितेच्या ओळी कोरल्या. त्या रांजणांचे फोटो पाहतानाही माझा आवाज बंद होतो.

आता तुमच्या बरणीकडे. अंधारात अतिनील (यूव्ही) टॉर्च मारून काठ तपासा. डागडुजी केलेली असेल तर ती जागा वेगळी चमकते. ब्लीच लावू नका, मऊ ब्रश आणि कोमट पाणी पुरे. आणि मुलाला विचारा, दुकानदार ही कुठल्या घरातून आली म्हणाला होता? तो जे सांगेल ते कागदावर लिहून बरणीतच ठेवा.